अंगठा

रात्री अडीचला उठवलं ते अंगठ्यानं.
डाव्या पायाच्या.
आधी वाटलं, उंदीर चावला.
दिवा लावला तर उंदीर नाही, रक्त नाही,
नुसता लाल, तकतकीत, टम्म अंगठा
माझ्याकडं बघत बसलेला,
उधारीवाला दारात बसतो तसा.

शालननं पायावर चादर घातली
आणि मी ओरडलो.
चादर! धुऊन धुऊन विरलेली.
"चादरीचं वजन हुतंय व्हय तुमास्नी?"
होतंय, म्हटलं. गाडीभर उसाचं होतंय.

उजाडल्यावर सुभाषनगरात सगळेच डॉक्टर.
बंडा व्हटकर म्हणाला, आरी टोचली असंल, आत पू झालाय.
आरी चाळीस वर्षं हातात आहे, बंडा,
मला टोचायचं ती कधीच विसरली.
भाचा म्हणाला, हाड मोडलंय, फोटो काढा.
झोपेत कुणाचं हाड मोडतं?
रकमाक्कानं न विचारता मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या.
खकाणा उठला, सगळी गल्ली शिंकली.
मी शिंकलो
ती शिंक थेट अंगठ्यात जाऊन फुटली.

शालन हळूच म्हणाली, परवा नवी जोडी घातलीसा,
अंगठा घट्ट बसला न्हवं त्येचा?
माझ्या हातचा अंगठा? घट्ट?
दुपारपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

पण शोधत होतो.
गिऱ्हाइकाची झिजलेली टाच बघून मी सांगतो
हा कंडक्टर, ही दिवसभर उभी राहणारी मास्तरीण,
ह्याचा उजवा गुडघा कुरकुरतो.
म्हणून माझीच चप्पल उलटी केली.
तळ सरळ झिजलेला, वेणी शाबूत, टाका न् टाका जागेवर.
काही बोलली नाही.

डॉक्टर नेजदारांनी बोट पुढं केलं
आणि टेकवायच्या आत मागं घेतलं.
तिथंच माझा विश्वास बसला.
"परवा काय जेवला?"
मेव्हण्याकडं म्हाई होती, कागलला.
"म्हणजे?"
तांबडा. पांढरा. सुकं.
"आणि?"
वजडी.
"किती?"
मी शालनकडं बघितलं. शालननं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

रक्त घेतलं. सांध्यात सुई घालून थेंबभर पाणीही काढलं,
कारण ऐन दुखण्यात हे रक्तात सापडेलच असं नाही, म्हणाले.
त्या थेंबात खडे होते.
सुईसारखे, साखरेच्या कणाहून कितीतरी बारीक.
युरिक ॲसिड. गाऊट.
वजडी नुसतं निमित्त, म्हणाले,
खडे कैक वर्षं साठत आलेत.
"घरात कुणाला होतं का असं?"
नाही, म्हटलं. ठणठणीत सगळे.

रिक्षा रंकाळ्याच्या वळणावर आली
आणि मला खुंटीवरची आबांची जोडी आठवली.

आबांची डावी चप्पल.
तिला अंगठा नव्हता.
तुटलेला नव्हे. रापीनं कापलेला, एका दमात, कडेला लागून.
दुसऱ्याची चप्पल अंगठ्याशिवाय
त्यांनी जन्मात विकली नसती.
वर्षातून दोन-तीनदा म्हणायचे, पायात वारं शिरलंय,
आणि कातडं भिजवायच्या हौदाच्या काठाला
पाय टेकवून तीन तीन दिवस बसून असायचे,
माशी बसली तरी दात आवळून.
प्रत्येक म्हाईनंतर. प्रत्येक जावळानंतर.
आम्ही म्हणायचो, म्हातारा जेवायला पुढं, कामाला मागं.
आम्ही नाही. मी.
चार व्यापारी बसलेले असताना.
आबांनी तेव्हा पाय तेवढा आत ओढून घेतला होता.

घरी आल्यावर भिंत धरत धरत जोडी उतरवली.
धूळ. कोळ्याचं जाळं. वास अजून तोच, बाभळीच्या सालीचा.
शालन म्हणाली, मुगाची आमटी केलीया, आणि गोळी जेवणानंतर.
डावा पाय आत सरकवला.
कुठंच लागलं नाही.
तसाच नळापर्यंत गेलो, दोन घोट पाणी प्यालो,
आणि तिथंच उभा राहिलो बराच वेळ,
आबांच्या त्या मोकळ्या जागेत
माझा अंगठा.